कुमुदकाकू, सैन्य अजून दिल्लीतच आहे

सर्व संबंधितांस अत्यंत जबाबदारीने कळविण्यात येते की, मराठ्यांच्या अठरा दाढ्यांपैकी पाच दाढ्यांना कसर लागल्यामुळे त्यांचे काल सायंकाळी विधिपूर्वक विसर्जन करण्यात आले. उरलेल्या तेरा दाढ्यांची प्रकृती स्थिर आहे. उंटाचा पुढचा भाग सुखरूप असून मागच्या भागाचा शोध जारी आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये.

काकू, हे निवेदन खरं तर तुम्ही द्यायचं. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात कोरा कागद, आणि आवाज असा की जणू पंतप्रधान बदलले. पण तुम्ही मागच्या मंगळवारी गेलात, आणि तुमच्या भाच्याने ती हिरवी ट्रंक माझ्या गाडीत ठेवली. “ताई, यात केस आहेत,” तो म्हणाला. “कुणाचे, ते मी मावशीला कधी विचारलं नाही. तुम्हीही मला विचारू नका.”

स्मशानात गुरुजींनी मला विचारलं, “आप इनकी कौन?” नातं सांगायचं म्हणजे पंचाईत. मी म्हटलं, या माझ्या दिग्दर्शिका. गुरुजी खूश झाले. कौन सा नाटक? पानिपत. कब हुआ था? मी म्हटलं, हुआ ही नहीं. सात साल सिर्फ रिहर्सल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू दुःखाने हिचं डोकं फिरलंय. बरोबर आहे त्यांचं. हे नाटक बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे. पण माझ्या बाजूने कसं दिसत होतं, ते तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत. मी विषय काढला की तुम्ही चहा टाकायला उठायचात.

आपली सोसायटी आठवा. नोएडाच्या त्या टोकाला सेक्टरला नंबर मिळाला होता, रस्ता मिळायचा होता. सगळे केंद्र सरकारी नोकरीतले मराठी लोक. वर्षानुवर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढून पहिल्यांदा स्वतःच्या भिंतीला खिळा ठोकत होते. पार्क होता, म्हणजे ‘पार्क’ अशी पाटी होती. आणि माझे बाबा, ज्यांना तुम्ही शेवटपर्यंत ‘जयंतराव’ म्हणालात, ते उद्योग खात्यातली नोकरी सोडून एका खासगी कंपनीत ‘लायझन’ला लागले होते. तेव्हा देशात सगळं उघडत होतं. बाबांच्या कंपनीत रोज दुपारी एक बाटली उघडायची. साहेबलोकांना जेवायला न्यायचं, त्यांच्याबरोबर प्यायचं, फाइल पुढे सरकवायची, हे काम. साहेबलोक जेवून ऑफिसात परत जायचे. बाबा पाच वाजता घरी यायचे आणि उरलेलं पुरं करायचे. आई शास्त्री भवनातून चार्टर्ड बसने सातला पोचायची. म्हणजे पाच ते सात घरात आम्ही तिघं: बाबा, मी दहा वर्षांची आणि अनू पाच वर्षांची.

बाबा मारायचे नाहीत. हे मी इतकी वर्षं आधी सांगत आले, पुस्तकाच्या पहिल्या पानावर अर्पणपत्रिका असते तसं. मारायचे नाहीत; गॅस चालू ठेवून झोपायचे. अनूला बाथरूममध्ये विसरायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फार आनंदात असायचे. “चला गं, हवा खायला.” एक पोरगी पुढे उभी, एक मागे, आणि स्कूटर त्या रिकाम्या रुंद रस्त्यांवरून अशी जायची की मी डोळे मिटून पाढे म्हणायचे. एके दिवशी एका अर्धवट बांधलेल्या चौकात विटांचा ढीग आला. अनूच्या हनुवटीला तीन टाके पडले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात तुम्ही आम्हाला गाठलंत.

“काय झालं गं हिला?”

“झोपाळ्यावरून पडली,” मी म्हटलं. घरात तसं ठरलं होतं.

“कुठल्या झोपाळ्यावरून?”

“पार्कातल्या.”

“अच्छा,” तुम्ही म्हणालात. “पार्कात झोपाळा बसवला? मी सकाळी तिथे पाटीखाली उभी होते, मला तर दिसला नाही.”

काकू, त्या क्षणी तुम्ही आणखी एक प्रश्न विचारला असता ना, तर मी दुसरं खोटं बोलले असते, आणि ते चांगलं जमलं असतं. मला सराव होता. पण तुम्ही विचारलंत, “नाटकात काम करशील? दोघी या. आजच साडेचारला. हॉलमध्ये.”

नाटक अस्तित्वातच नव्हतं. ते तुम्ही जिन्यातून खाली उतरेपर्यंत रचलंत, हे मला विशी उलटल्यावर कळलं.

मंडळाच्या हॉलमध्ये त्या दिवशी आम्ही सहा मुलं होतो. महिन्याभरात तेरा झालो. त्यातली सगळीच आमच्यासारख्या घरातली नव्हती. काही नुसती हौशी होती, दोघांना घरी अभ्यास टाळायचा होता. पण आणखी तिघं आमच्यासारखी होती, हेही मला फार उशिरा कळलं. बी-दोनमधल्या जुळ्यांची आई खोकल्याचं औषध बाटल्यांनी पीत असे. तुम्ही आम्हाला कधी वेगळं बसवलं नाहीत. सगळ्यांना सरसकट दाढ्या.

दाढ्यांची लोकर तुम्ही करोल बागेतून आणली होती आणि त्या घरी शिवल्या होत्या. चिकटवायच्या डिंकाने. आणि डिंकाच्या बाबतीत तुमचं एक शास्त्र होतं, जे मी नंतर कुठल्याही पुस्तकात पाहिलेलं नाही: ओल्या दाढीला बाहेरचा वारा लागला की तोंड कायमचं वाकडं होतं. म्हणून दाढी वाळेपर्यंत, म्हणजे कमीत कमी दोन तास, हॉलच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. दाढ्या बरोबर पावणेपाचला लागायच्या.

साडेपाचला खाली तीनदा हॉर्न वाजायचा.

“या, जयंतराव,” तुम्ही दारातच उभ्या. “बिल्कुल वेळेवर आलात. आत्ताच दाढ्या लावल्यात.”

“काढा ना काकू. जरा फिरवून आणतो पोरींना.”

“काढली की कातडी येते हो.”

“अहो, मुलगी आहे ती. तिला दाढी कशाला?”

“काय करणार? दिल्लीत मराठी मुलगे कमी पडतात.”

बाबा हसायचे. त्यांना हसवणं सोपं होतं, तीच तर अडचण होती. पायरीवर बसायचे. तुम्ही चहा द्यायचात, आणि कप पुढे करता करता दुसरा हात पसरायचात. “चावी द्या जरा. किल्लेदाराच्या कमरेला खरी किल्ली लागते, लाकडाची शोभत नाही.” स्कूटरची चावी सातपर्यंत किल्लेदाराच्या कमरेला. सातला आई बसमधून उतरली की किल्लेदार ती चावी थेट तिच्या हातात द्यायचा. रोज. सात वर्षांत त्या किल्ल्यावर कुणी हल्ला केला नाही, पण किल्लेदार कायम तैनात होता.

तुम्ही आयुष्यभर एका सरकारी गेस्ट हाउसच्या काउंटरवर बसला होतात. खोली रिकामी नसताना मोठमोठ्या माणसांना दोन-दोन तास सोफ्यावर बसवून ठेवायचं, आणि उठताना त्यांनी आभार मानले पाहिजेत, हे तुमचं काम. नाही म्हणायचं नाही. ‘तयारी चालू आहे’ म्हणायचं. ती सगळी विद्या तुम्ही निवृत्तीनंतर माझ्या बापावर वापरलीत.

एकदाच ती चालली नाही. त्या दिवशी बाबा हसत नव्हते. कंपनीत काहीतरी झालं होतं. ते चपलांसकट हॉलमध्ये आले आणि त्यांनी अनूचं मनगट धरलं. अनूच्या दाढीची एक बाजू सुटून लोंबायला लागली.

“चल.”

तुम्ही चहाचं नाव काढलं नाहीत. आवाजही चढवला नाहीत, उलट उतरवलात. “जयंतराव, आज नाही.”

“माझी मुलगी आहे.”

“आहे ना. सातला तिची आई येईल, तिच्याबरोबर येईल ती घरी. तुम्ही आत्ता एकटे जा.”

आणि मग तुम्ही आमच्याकडे वळून, जणू तालमीचाच भाग असावा तसं, म्हणालात, “मंडळी, छावणी.” छावणी म्हणजे सगळ्यांनी मध्ये असलेल्याच्या भोवती मांडी घालून बसायचं. बारा दाढ्या खाली बसल्या, अनूच्या भोवती. बाबांना तिला ओढून न्यायचं तर आम्हा सगळ्यांना ओलांडावं लागलं असतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. हात सोडला आणि गेले.

तुम्ही दाराला आतून कडी लावलीत आणि ती दोनदा ओढून पाहिलीत, काकू. मी पाहिलं. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही की मी पाहिलं.

त्यानंतर नाटकात जासूद आला. “जासूद म्हणजे जासूस?” अनूने विचारलं. “नाही गं, बातमी घेऊन पळणारा,” तुम्ही म्हणालात. “जासूदाने कधी लढायचं नाही, कुणाला समजवायचं नाही, थांबून काय होतंय ते बघायचं नाही. पळायचं आणि बातमी द्यायची.” हे काम आळीपाळीने सगळ्यांना करावं लागायचं. संवाद पाठ करून घ्यायचात: “ए-तीन, तळमजला, दार उघडं. बी-सहा, दुसरा मजला, आजी घरी. गेटवर एसटीडी बूथ, आईच्या ऑफिसचा नंबर अमुक अमुक.” चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पाच वर्षांची अनू कमरेवर हात ठेवून खणखणीत आवाजात सांगायची की कुठल्या घरात कोण आहे आणि कुणाचं दार कधीही ठोठावलं तरी चालतं. त्या घरांशी तुम्ही आधी बोलून ठेवलं होतंत. सगळ्या सोसायटीला वाटायचं, काय छान उच्चार आहेत पोरीचे.

ते उच्चार तिने एकदा खरोखर वापरले. गॅसचा वास आला तेव्हा. मी बाबांना हलवून उठवत बसले; मला मोठेपणा होता. अनू थांबली नाही. बी-सहाच्या आजींच्या दारात उभी राहून तिने अख्खा संवाद म्हटला, सुरुवातीच्या मुजऱ्यासकट. आजींनी येऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, मला दंडाला धरून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही अनूला बढती दिलीत. मला फक्त एवढंच म्हणालात, “मुग्धा, तू जासूद होतीस, वैद्य नाही.” ते वाक्य मी आजही वापरते, इतरांवर आणि स्वतःवर.

या सगळ्याचे शैक्षणिक दुष्परिणाम झालेच. सातवीत इतिहासाच्या पेपरात प्रश्न आला, मराठ्यांना पानिपतावर पोचायला उशीर का झाला? मी आत्मविश्वासाने लिहिलं, भाऊसाहेबांची दाढी वाळली नव्हती, आणि सहाला सैन्याची पोहे खायची वेळ असे. बाईंनी आईला शाळेत बोलावलं. आईने तो पेपर वाचला आणि शाळेच्या वरांड्यात भिंतीला टेकून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला इतकं हसताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. ते सगळं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

कारण आपलं सैन्य पोचतच नव्हतं ना. पहिला अंक पुण्यात, दुसरा वाटेत, तिसरा दिल्लीत. दर वर्षी गणपतीत लोक विचारायचे, यंदा करताय ना? आणि दर वर्षी तुम्ही नवा प्रवेश घालायचात. यमुनेला पूर आला. घोडे आजारी पडले. उंटाच्या दोन भागांत भांडण झालं. मला वाटायचं, काकूंना नाटक लिहिता येत नाही. सगळ्यांनाच वाटायचं. अनूला सोडून.

ते मला काला अंबला कळलं. संक्रांतीच्या दिवशी मंडळाची बस पानिपतला जायची, तिथल्या काला अंब स्मारकापाशी. त्या वर्षी तुम्ही आम्हाला सगळ्यांना घेऊन गेलात. धुकं इतकं की समोरची बस दिसेना. सगळी मुलं तिळगूळ खात उतरली. अनू सीट धरून बसली.

“चल गं, आलं पानिपत.”

“मी नाही उतरणार.”

“अगं, का?”

“आपण पोचलो तर नाटक संपेल.” मग अगदी हळू: “मग घरी जायला लागेल.”

मी तिच्याशेजारी उभी होते, काकू. मला अकरा वर्षं पूर्ण झाली होती, मी वर्गात पहिली यायचे, आणि दीड वर्षात मला हे कळलं नव्हतं. तुम्ही तिच्यासमोर उकिडव्या बसलात. गुडघे दुखायचे तुमचे, तरी बसलात. “आपण नुसते बघायला आलोय,” तुम्ही म्हणालात. “पोचलो नाही. पोचायचं की नाही ते मी ठरवते. आणि मी ठरवलेलं नाही.” मग ती उतरली. त्या विटांच्या खांबाभोवती लोक फुलं वाहत होते, कुणीतरी भाषण करत होतं, आणि आमची जासूद तुमचा पदर धरून असं निरखत होती, जणू आपण ही जागा विकत घ्यायची की नाही ते ठरवतोय.

आता भांडण. ते राहिलंच आहे आपलं.

गेल्या हिवाळ्यात तुमच्या गच्चीवर आपण उन्हात मटार सोलत होतो. मी विचारलं, “काकू, सात वर्षं तुम्ही एकदाही ‘दारू’ हा शब्द उच्चारला नाहीत. का?”

“उच्चारला असता तर काय झालं असतं?”

“खरं बोलणं झालं असतं.”

“आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या बापाने दार लावून घेतलं असतं. तुम्ही आतल्या बाजूला.”

“आणि आई? आम्ही तुमच्याकडे पोहे खात होतो. ती सातला उतरून त्याच घरात जात होती. तिच्यासाठी कुठलं नाटक होतं?”

“माझ्याकडे दाढ्या अठराच होत्या गं,” तुम्ही म्हणालात.

मला राग आला. ते उत्तर नाही, मी म्हटलं, ती टाळी घ्यायची जागा आहे. तुम्ही म्हणालात, असेल. मग तुम्ही चहा टाकायला उठलात, म्हणजे उठायला लागलात, आणि मी म्हटलं बसा, मी टाकते. मी आत गेले. परत आले तेव्हा विषय मटारच्या भावावर गेला होता.

मला अजूनही वाटतं, तुम्ही चुकलात. तुम्ही बाबांची अब्रू इतकी सांभाळलीत की आईला वाटलं, सोसायटीत कुणालाच काही दिसत नाही. तिला वाटलं ती एकटी आहे. तिला कुणी सांगितलं नाही की ए-तीनचं दार तिच्यासाठीही उघडं आहे. आणि मला हेही वाटतं की तुम्ही त्या दिवशी जिन्यात खरं बोलला असतात, तर आज हा लेख लिहायला मी असते की नाही, कुणास ठाऊक. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी वाटतात. तुम्हाला आवडणार नाही, पण आता तुम्हाला उठून जाता येणार नाही.

म्हणून मी काय करते, ते ऐका. गुडगावला आमच्या सोसायटीत एकवीस मजले आहेत, पार्कात खरेखुरे सहा झोपाळे आहेत, आणि नवव्या मजल्यावर एक आठ वर्षांची मुलगी आहे जी लिफ्टमध्ये जरा जास्तच हुशार उत्तरं देते. तिची आई एका मोठ्या कंपनीत आहे. कॉफीच्या मगमध्ये कॉफी नसते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी क्लबहाउसमध्ये तालीम असते. मुलं आता पुण्याची, लखनौची, कोचीची, सगळीकडची आहेत, त्यामुळे भाऊसाहेब हिंदीत बोलतात आणि अब्दाली इंग्रजीत, पण दाढी दोघांना. जासूदाचा संवाद जसाच्या तसा ठेवलाय, फक्त एसटीडी बूथच्या जागी गेटवरच्या सिक्युरिटीचा नंबर घातलाय. गाडीच्या चाव्या मी मागून घेते.

पण मी शब्द उच्चारते. ही माझी सुधारित आवृत्ती. गेल्या महिन्यात नवव्या मजल्यावर गेले, दार लावून घेतलं, आणि त्या बाईला म्हटलं, तू पितेस हे मला माहीत आहे, तुझ्या मुलीलाही माहीत आहे, आणि तुझी मुलगी माझ्याकडे येत राहील, तू माझ्याशी बोललीस तरी आणि नाही बोललीस तरी. तिच्या नवऱ्याला, शाळेतल्या बाईंना, दोघांनाही सांगितलं. ती पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मुलगी एक दिवस चुकली नाही. सोळाव्या दिवशी त्या बाईने मला विचारलं, दारू सोडवणाऱ्या डॉक्टरकडे कधी कुणाला घेऊन गेलीयस? मी म्हटलं, एकाला. चारदा. पाचव्यांदा लागू पडलं.

हो, बाबांना मीच नेत होते. ते सुटले, अडकले, पुन्हा सुटले. शेवटची सहा वर्षं कोरडी गेली. त्या सहा वर्षांत ते तुमच्याकडे चहाला यायचे आणि तुम्ही दोघं हवापाण्यावर बोलायचात. मी मध्ये बसलेली असायचे आणि वाट पाहायचे, आता कुणीतरी हॉलमधल्या सभेच्या त्या रविवारचा विषय काढेल. कुणी काढला नाही. ना तुम्ही, ना त्यांनी, ना आईने. तेही गेले, आता तुम्हीही गेलात. मंडळाच्या इतिवृत्तात फक्त एवढंच आहे: ‘विषय क्रमांक चार, चर्चेअंती जैसे थे.’ तेव्हा ती चर्चा मी इथे लिहून ठेवते. नाहीतर ती माझ्याबरोबर जाईल, आणि हॉल का वाचला ते कुणालाच कळणार नाही.

तालमींचं तिसरं वर्ष. हॉलमध्ये वार्षिक सभा, सकाळचे अकरा, सतरंज्यांवर उन्हाच्या पट्ट्या. विषय क्रमांक चार: हॉल संध्याकाळी चार ते आठ कम्प्युटर क्लासला द्यायचा. एक कंपनी यंत्रं आणून ठेवायला तयार होती. मुलांचं भविष्य होतं ते. सगळ्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “काकू, आम्ही तीन वर्षं वाट पाहिली. एवढ्यात मराठे अटकेपार जाऊन परत आले असते.”

“स्वारी मोठी आहे, साहेब,” तुम्ही म्हणालात.

“आमचा बंटी तीन वर्षं उंटाचं मागचं काम करतोय,” मागून एक बाई म्हणाल्या. “पाठ दुखते त्याची.”

लोक हसले. तुम्हीही हसलात. मग साहेबांनी सरळ विचारलं, “प्रयोगाची तारीख द्या. या महिन्यातली. नसेल तर हॉल सोडा. तालमीची एवढी गरज काय आहे, हे तरी सांगा.”

तुम्ही हातातल्या कागदाकडे पाहिलंत. कोरा होता, मी शेजारीच बसले होते. काउंटरवर आयुष्य काढलेल्या बाईला पहिल्यांदा उत्तर सुचत नव्हतं, कारण खरं उत्तर त्याच खोलीत, चौथ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसलं होतं. बी-सहाच्या आजी सतरंजीचा दोरा ओढत होत्या. ए-तीनवाले छताकडे बघत होते. सगळ्यांना माहीत होतं, काकू. तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं. अख्ख्या हॉलला माहीत होतं आणि अख्खा हॉल पंख्याकडे बघत होता. अनूने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “कम्प्युटर क्लासच्या बाजूने हात वर करा.”

हात वर जायला लागले. मी मोजत होते. निम्म्याच्या पुढे गेले. आणि चौथ्या रांगेत बाबा उठून उभे राहिले. आईने त्यांची बाही ओढली. रविवार सकाळ होती, ते प्यायलेले नव्हते. दाढी केली होती, गालावर कापलं होतं. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. समोरच्या फळ्याकडे बघत, ऑफिसात हजेरी द्यावी तशा आवाजात, ते बोलून गेले:

“तालीम बंद करू नका हो. संध्याकाळी मी घरी असतो.”